पातीताईंची चूक

"तुम्ही काय करता?" असं कोणी विचारलं की पातीताई म्हणायच्या, "कापते."

विचारणारा जरा मागे सरकला की त्यांना मनातल्या मनात हसू यायचं. मग त्या सावकाश खुलासा करायच्या. डॉक्टर शरीरातून एखादा तुकडा काढतात. तो मेणात बसवून त्याचा काड्यापेटीहूनही लहान ठोकळा होतो. त्या ठोकळ्याचे इतके पातळ काप काढायचे, की एका केसाच्या जाडीत पंधरा-सोळा मावावेत. काप काचेच्या पट्टीवर बसवायचे, रंगवायचे आणि मायक्रोस्कोपखाली ठेवायचे. गाठ साधी आहे की वाईट, जखम भरतेय की चिघळतेय, सगळा निवाडा त्या एका कापावर.

"बघतात डॉक्टर," त्या म्हणायच्या, "पण त्यांना दिसावं अशी सोय मी करते."

काप घेण्याच्या यंत्राला एक लांब पाती असते. आपल्या यंत्राच्या पातीला त्या कोणाला बोटही लावू द्यायच्या नाहीत, म्हणून त्या पातीताई. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच राहिलं. चौतीस वर्षांपूर्वी रुजू झाल्या तेव्हा त्या नुसत्या 'पाती' होत्या. केस पिकत गेले तशी त्याला 'ताई' चिकटली.

रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत, तळमजल्यावर, संशोधन विभागाची लांबट खोली होती. खिडकीपाशी त्यांचं टेबल. टेबलावर यंत्र, यंत्राला उजव्या हाताने फिरवायचं चाक. शेजारी बर्फाची थाळी, कारण ठोकळा थंड असला तर मेण छान कापलं जातं. पण फार थंड झाला तर काप चिरफळतो. अशा वेळी पातीताई ठोकळ्याजवळ तोंड नेऊन, आरशावर सोडावा तसा, हलकाच श्वास सोडायच्या. हाऽ. मग चाक फिरवलं की पातीवरून मेणाची फीत सुटायची, कापाला काप जोडलेला, लांबच लांब. ती फीत कुंचल्याच्या टोकावर उचलून त्या कोमट पाण्याच्या तसराळ्यात सोडायच्या. पाण्यावर ती पसरायची, सुरकुत्या आपोआप जायच्या. मग काचेची पट्टी पाण्यात तिरकी बुडवून एक काप अलगद वर घ्यायचा.

आणि प्रत्येक ठोकळ्यानंतर, न चुकता, मऊ कागदाची एक पट्टी पाण्यावरून अलीकडून पलीकडे ओढायची. मागे राहिलेले मेणाचे, मांसाचे कण त्या कागदाला चिकटून निघून जायचे. याला पातीताई 'साय काढणं' म्हणत. साय काढल्याशिवाय दुसऱ्या ठोकळ्याचा काप पाण्यावर सोडायचा नाही. कारण एकाचा कण दुसऱ्याच्या काचेवर गेला, तर निरोगी माणसाच्या कपाळी भलताच रोग लिहिला जायचा. गेल्या चौतीस वर्षांत त्यांच्या हाताखालून शिकून गेलेल्या सगळ्यांना हे एकच वाक्य पाठ होतं. "आधी साय, मग पुढचा काप."

त्यांचे यजमान शिंपी. घर वर, दुकान खाली, मध्ये एक अरुंद जिना. दोघांचाही धंदा कापण्याचा, त्यामुळे घरात चिमटे चालू असायचे.

"माझं गिऱ्हाईक निदान मापाला उभं तरी राहतं," यजमान म्हणायचे.

"आणि माझं तक्रार करत नाही," पातीताई म्हणायच्या.

त्या वर्षी महिनाअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या. विभागात कुजबूज सुरू झाली होती, दार लोटून बैठका होत होत्या, पातीताई आत आल्या की सगळे एकदम हवापाण्याबद्दल बोलू लागायचे. भांडारातले कारकून तर इतके गुपचूप वागत होते, की त्यांच्याकडे बघूनच काहीतरी शिजतंय हे कळावं.

त्या शेवटच्या महिन्यात त्यांच्या टेबलावर सर्वांत जास्त ठोकळे यायचे ते छोट्या डॉक्टरांचे. छोट्या म्हणजे वयाने. तिशी नुकतीच ओलांडलेली, केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, डबा उभ्यानेच खाणारी मुलगी. तीन वर्षं ती यकृताच्या मागे लागली होती. पातीताईंनी तिचं काम यजमानांना एकदा जिन्यात बसून समजावून सांगितलं होतं.

"यकृताचे तीन भाग केले आणि त्यातले दोन कापून काढले, तरी उरलेलं वाढून पुन्हा जागा भरून काढतं. उंदराचं तर आठ-दहा दिवसांत."

"आठ-दहा दिवसांत? मी साधी बाही जोडून द्यायला इतका वेळ घेतो."

"तरुण उंदराचं हो. म्हाताऱ्याचं रेंगाळतं. छोट्या डॉक्टरांचं औषध त्या म्हाताऱ्या यकृताला उठवतं. ऊठ, वाढायला लाग, असं."

"आणि आता पुरे, हे कोण सांगतं?"

पातीताईंनी त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं. "तुम्ही डॉक्टर व्हायला हवं होतं. तोच तर खरा प्रश्न आहे. शहाण्या मांसाला स्वतःलाच कळतं, आता पुरे. गाठीला कळत नाही. ती वाढतच राहते."

"म्हणजे समोरच्या वहिनींसारखं. बोलायला लागल्या की..."

"हळू बोला, खिडकी उघडी आहे."

तर असं ते काम होतं. औषध दिलेल्या म्हाताऱ्या उंदरांची यकृतं भरत होती आणि भरली की थांबत होती. चाळीस उंदीर होते. त्यातला सत्तावीस नंबरचा सर्वांत म्हातारा, एक कान फाटलेला, खाणं समोर आलं तरी आधी नीट जांभई देऊन मग उठणारा. त्याला सगळे 'आजोबा' म्हणत. आजोबांचा ठोकळा टेबलावर आला त्या दिवशी पातीताई त्याला म्हणाल्या, "या आजोबा, बसा." बिचाऱ्याने जीव दिलाय, त्याचा एकही काप फुकट जाता कामा नये, हा त्यांचा नेम.

एका गुरुवारी दुपारी पातीताई हात धुऊन डबा उघडणार, तेवढ्यात त्यांना दिसलं की छोट्या डॉक्टर मायक्रोस्कोपपुढे बसल्या आहेत आणि बघत काहीच नाहीत. पेन्सिल अंबाड्यातून निसटून खाली पडली होती, तिचंही भान नव्हतं.

"काय झालं ग?" एरवी चारचौघांत त्या तिला 'अहो डॉक्टर' म्हणायच्या.

"ताई, आजोबांच्या काचेवर गाठ आहे."

"गाठ?"

"यकृत छान भरलंय. पण एका कडेला पेशींचा एक पुंजका आहे. वेड्यावाकड्या, एकमेकींवर चढलेल्या. अगदी वाईट गाठीसारख्या." तिने डोळे पुसले नाहीत, नुसतं नाक वर ओढलं. "म्हणजे माझं औषध यकृताला नुसतं उठवत नाही. ते त्याला वेडं करतं."

तेवढ्यात विभागाचे प्रमुख आले. त्यांच्याकडे दोन चष्मे असायचे, एक नाकावर, एक कपाळावर, आणि ते कायम तिसरा शोधत असायचे. त्यांनी दोन्ही काढून ठेवले आणि बराच वेळ काचेत डोळा घालून बसले.

"पुंजका आहे," शेवटी ते म्हणाले. "सोमवारी अकराला संशोधनाला परवानगी देणारी समिती बसतेय. हे त्यांच्यापुढे ठेवावंच लागेल. आणि हे पाहिल्यावर ते काम थांबवतील. मीही थांबवेन. जे औषध गाठ उठवतं, ते पुढे नेता येत नाही."

"सर, एका उंदराच्या एका काचेवर..."

"हे बघ, दुसऱ्या कोणाच्या हातची काच असती ना, तर मी पहिलं वाक्य हेच म्हटलं असतं, की पाणी तपासा, दुसऱ्या ठोकळ्याचा कण तरंगत आला असेल. पण ही ताईंची काच आहे." त्यांनी पातीताईंकडे बघून मान लववली. "ताईंच्या पाण्यात कण? एक वेळ सूर्य पश्चिमेला उगवेल."

पातीताईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. चौतीस वर्षांनी, दोन चष्मेवाल्या सरांच्या तोंडून, असं वाक्य! पण लगेच त्यांची नजर छोट्या डॉक्टरांकडे गेली. मुलगी खाली वाकून पेन्सिल शोधत होती, आणि पेन्सिल सापडली तरी वर येत नव्हती. ते मूठभर मांस आलं तसं उतरलं.

संध्याकाळी त्या दुकानातूनच घरी गेल्या. यजमान एक काळा कोट खुंटीला अडकवून त्यावरून ब्रश फिरवत होते. दुसऱ्या दिवशी कोणाच्यातरी लग्नात तो कोट मिरवायचा होता.

"चहा?" पातीताईंनी विचारलं.

"थांब. हा पांढरा दोरा बघ कसा चिकटून बसलाय. या कोटाला पांढरा दोरा मी लावलाच नाही. सकाळच्या त्या परिचारिकेच्या झग्याचा असणार. माझ्याच मशीनवर बसला आणि याच्या कोटावर आला. एकाचा दोरा दुसऱ्याच्या पाठीवर."

"तुमच्याकडून असं होतं?"

"रोज होतं. चाळीस वर्षं शिवतोय, रोज होतं. म्हणून तर ब्रश आहे." त्यांनी दोरा चिमटीत धरून उजेडात धरला. "ज्याला वाटतं ना, आपल्या दुकानातला दोरा कधी उडतच नाही, तो ब्रश मारायला विसरतो. मग लग्नात नवरदेवाच्या पाठीवर शेपटी."

चहा पातीताईंनी केला, पण साखर घालायची राहिली. यजमानांनी पहिला घोट घेतला, बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बिनसाखरेचा चहा मुकाट्याने संपवला.

शुक्रवारी सकाळी त्या सगळ्यांच्या आधी खोलीत होत्या. पंख्याचं बटण दाबण्याआधी त्यांनी वही काढली. प्रत्येक ठोकळा कधी कापला, कोणानंतर कोण, हे त्या वहीत लिहून ठेवायच्या. बोट खाली नेत नेत त्या आजोबांच्या ओळीवर आल्या. आजोबांच्या आधीची ओळ होती, 'दुसरा मजला, गाठ चौदा'. दुसऱ्या मजल्यावर वेगळं संशोधन चालायचं. तिथल्या उंदरांना खरोखरच वाईट गाठी होत्या.

आणि या दोन ओळींच्या मधोमध, समासात, भलत्याच अक्षरात लिहिलं होतं: '३४ वर्षे. एकही चूक नाही. चालेल?'

पातीताई खुर्चीत बसल्या.

ते अक्षर भांडारातल्या कारकुनांचं. त्या दिवशी गाठ चौदाचा काप वर घेऊन झाला होता, कागदाची पट्टी हातात धरलेली होती, आणि कारकून दारातून चोरासारखे आत आले होते. "ताई, तुम्हाला सांगायचं नाहीये, पण विचारल्याशिवाय गत नाही. चौतीस की पस्तीस? आणि खाली 'एकही चूक नाही' असं निरोपाच्या ढालीवर कोरून घेतोय. चालेल ना?" मग कोणी ऐकू नये म्हणून त्यांनी तेच वहीच्या समासात लिहून दाखवलं होतं. पातीताई लाजल्या होत्या. "इश्श, कशाला उगाच," म्हणाल्या होत्या. आणि मग, "बरं, चालेल," असंही म्हणाल्या होत्या. त्या गडबडीत हातातली पट्टी टेबलावर ठेवली होती आणि आजोबांचा ठोकळा यंत्रात बसवला होता.

साय काढली होती का?

त्यांनी कितीही आठवून पाहिलं तरी पाण्यावरून कागद ओढणारा आपला हात त्यांना दिसेना. दिसत होता तो टेबलावर पडलेला कोरडा, कोरा कागद. दिवस संपताना त्यांनीच तो उचलून परत डब्यात ठेवला होता. 'वाया कशाला घालवायचा,' म्हणून.

त्यांनी आजोबांची काच मायक्रोस्कोपखाली ठेवली. निदान करणं त्यांचं काम नव्हे, पण चौतीस वर्षं काच बघणाऱ्या डोळ्यांना काय दिसायचं ते दिसतंच. यकृत स्वच्छ, एकसारखं, गुलाबी. कडेला पुंजका. त्यांनी बारीक चाकी केसभर फिरवली. पुंजका स्पष्ट झाला आणि यकृत धूसर झालं. उलटी फिरवली, यकृत स्पष्ट, पुंजका धूसर. दोघं एका पातळीवर नव्हते. पुंजका यकृतात उगवला नव्हता, वर येऊन बसला होता. कोटावरच्या दोऱ्यासारखा.

मग त्यांनी गाठ चौदाची काच काढली. त्या कापाच्या एका कडेला खाच होती. काप घेताना एवढासा कोपरा फाटून सुटला होता. त्या वेळी त्यांनी तो पाहिला होता आणि म्हटलं होतं, हरकत नाही, गाठ भरपूर आहे.

आता खरी परीक्षा होती. निवृत्तीला अठरा दिवस उरले होते. त्या गप्प बसल्या असत्या तर कोणीही काही विचारलं नसतं. सर स्वतः म्हणाले होते, सूर्य पश्चिमेला उगवेल. खिडकीतून सूर्य नेहमीच्याच बाजूने आत येत होता आणि तसराळ्यातल्या पाण्यावर चकाकत होता. पातीताईंनी त्या पाण्याकडे पाहिलं. आजोबांनी जांभई देत देत दिलेला जीव, मुलीची तीन वर्षं, आणि पुढे कधीतरी कुठल्यातरी म्हाताऱ्या माणसाचं अर्धं कापलेलं यकृत, हे सगळं एका कोरड्या कागदाच्या पट्टीपायी वाहून जाणार होतं.

त्या उठल्या. दारातच त्यांना कारकून भेटले.

"ते कोरलेलं परत द्या," पातीताई म्हणाल्या. "चूक झालीय."

"छे हो ताई! अक्षर न् अक्षर तपासलंय मी."

"तुमची नाही. माझी."

कारकुनांचं तोंड उघडंच राहिलं. "ताई, पितळेवर कोरलंय ते. खोडता येत नाही!"

"पितळेवरचं नंतर बघू. आधी काचेवरचं बघते."

सर खोलीत आले तेव्हा पातीताईंनी एका दमात सगळं सांगून टाकलं. वही दाखवली, समासातलं अक्षर दाखवलं. छोट्या डॉक्टर मागे उभ्या राहून ऐकत होत्या. सर एक चष्मा कपाळावरून नाकावर आणि दुसरा नाकावरून कपाळावर नेत राहिले. मग त्यांनी हळूच मान हलवली.

"ताई, तुमचं मन मी ओळखतो. पोरीवर जीव आहे तुमचा. तिच्यासाठी तुम्ही स्वतःवर बट्टा ओढवून घेताय."

"अहो सर, मी खरं सांगतेय!"

"चौतीस वर्षांत तुम्ही साय काढायला विसरला नाहीत, आणि नेमक्या आजोबांच्या वेळी विसरलात?"

"हो! नेमकी तेव्हाच!"

"मला पटत नाही."

पातीताईंना आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच चांगुलपणाचा राग आला. "म्हणजे काय, मला चूक करायचीही परवानगी नाही? लोक निर्दोष ठरायला वकील लावतात, आता मी दोषी ठरायला लावू?"

छोट्या डॉक्टरांना हसू फुटलं. गुरुवारपासून पहिल्यांदाच. त्यांनी तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता.

"सर, दोन गोष्टी करू द्या मला," पातीताई म्हणाल्या. "आजोबांच्या ठोकळ्यात अजून थोडं यकृत उरलंय. मी ते शेवटपर्यंत कापते. गाठ त्यांची असेल तर खालच्या कापांत तिचं मूळ सापडेलच. दुसरं म्हणजे या दोन काचांचे फोटो एकाच मापाचे मोठे करून छापून द्या. आणि कात्री द्या."

"कात्री कशाला?"

"शिंप्याची बायको आहे मी."

ठोकळ्यात यकृत फार नव्हतं. त्यातला बराचसा भाग आधीच इतर तपासण्यांना गेला होता. उरला होता नखाएवढा पातळ पापुद्रा. कापताना एकदा जरी चिरफळ्या झाल्या असत्या तर सांगायला काही उरलं नसतं. पातीताईंनी नवी पाती लावली. तसराळ्यातलं सगळं पाणी ओतून दिलं, तसराळं पुसलं, ताजं पाणी भरलं, आणि त्या कोऱ्या पाण्यावरूनही एकदा कागद ओढला. कारकून दाराच्या फटीतून बघत होते. त्यांना पातीताईंनी बोलावून खुर्ची दिली.

"बसा इथे. आणि आज तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. काही विचारायचं असलं तर समासात नका लिहू."

बर्फावरून ठोकळा उचलला. बसवला. हाऽ. चाक फिरलं.

फीत सुटली. एक, दोन, पाच, दहा. छोट्या डॉक्टर पाण्याजवळ उभ्या राहून काचा पुढे करत होत्या. पंधराव्या कापाला मेण जरा कुरकुरलं. पातीताईंनी चाक थांबवलं, ठोकळा पुन्हा बर्फावर टेकवला, मनात वीस आकडे मोजले आणि पुन्हा श्वास सोडला. फीत पुढे सरकली. चाळिसाव्या कापाला पापुद्रा संपला आणि नुसतं मेण येऊ लागलं. तेव्हा कारकुनांनी इतक्या मोठ्याने सुस्कारा सोडला की छोट्या डॉक्टर दचकल्या.

काचा रंगवून, वाळवून होईपर्यंत चार वाजले. सरांनी एकेक काच पाहिली. घाई केली नाही. पातीताई खिडकीपाशी उभ्या राहिल्या. बाहेर बागेतला माळी झारीने कुंड्यांना पाणी घालत होता. एकच कुंडी तो दुसऱ्यांदा भिजवत होता, पण आज पातीताईंनी त्याला हाक मारून सांगितलं नाही.

"नाही," सर म्हणाले.

"काय नाही?" छोट्या डॉक्टरांचा आवाज चिरका झाला.

"गाठ नाही. चाळीसही कापांत कुठेच नाही. म्हातारबुवांचं यकृत विशीतल्यासारखं आहे."

मग पातीताईंनी छापलेले दोन फोटो टेबलावर ठेवले. आजोबांच्या फोटोतला पुंजका त्यांनी कडेकडेने कात्रीने कापून घेतला, दातेरी काठ न् काठ सांभाळून. तो तुकडा गाठ चौदाच्या खाचेवर ठेवला आणि बोटाने जरासा फिरवला. ठिगळ जागेवर बसावं तसा तो बसला. दात दातांत, वळण वळणात. कुठे फट राहिली नाही.

सरांनी दोन्ही चष्मे काढले. "ताई," ते म्हणाले, "तुमची चूक सिद्ध झाली. अभिनंदन."

छोट्या डॉक्टरांनी पातीताईंना अशी मिठी मारली की अंबाड्यातली पेन्सिल त्यांच्या कानाला टोचली. "अगं हळू," पातीताई म्हणाल्या. "आणि डबा खा आधी. बसून खा."

सोमवारी समितीपुढे काम थांबलं नाही. समितीतल्या एका बारीक डोळ्यांच्या गृहस्थांनी खूप उलटसुलट विचारलं, दोन्ही फोटो पुन्हा पुन्हा जोडून पाहिले, आणि मग सांगितलं की आणखी सहा महिने उंदरांवर लक्ष ठेवा, आणि यापुढे प्रत्येक ठोकळ्याच्या दोन काचा करा, वेगवेगळ्या वेळी, वेगळ्या पाण्यावर. छोट्या डॉक्टर म्हणाल्या, चार करते. बाहेर आल्यावर त्यांनी पातीताईंना पहिलं वाक्य सांगितलं ते असं: "ताई, त्यांनी विचारलं ही चूक कोणी पकडली. मी म्हटलं, जिने केली तिनेच."

महिनाअखेरीला निरोपाचा समारंभ झाला. केक होता, भाषणं होती, सरांना आपल्या भाषणाचा कागद सापडत नव्हता आणि तो त्यांच्या हातात होता. कारकुनांनी पितळी पट्टी बसवलेली लाकडी ढाल पुढे आणली तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. पट्टीवर जुनी अक्षरं तशीच होती: 'चौतीस वर्षे. एकही चूक नाही.' आणि त्याखाली, उरलेल्या अरुंद जागेत, नव्याने कोरलेलं: 'एक सोडून.'

"दुकानदार म्हणाला, एवढीच जागा आहे," कारकून पुटपुटले.

पातीताई इतक्या हसल्या की त्यांना केकचा ताटलीतला तुकडा खाली ठेवावा लागला. "तीस वर्षांत तुम्ही केलेलं हे सर्वांत बरोबर काम," त्या म्हणाल्या.

पाण्याच्या तसराळ्यावर, भिंतीला, ते दोन जोडलेले फोटो चिकटवले होते. खाली कोणी काही लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती.

निघताना छोट्या डॉक्टरांनी त्यांच्या हातात कागदात गुंडाळलेली एक काच दिली. त्या चाळीस कापांपैकी एक. नोंदीला लागणाऱ्या काचा कपाटात गेल्या होत्या, ही जास्तीची होती.

संध्याकाळी पातीताई दुकानात आल्या. ढाल मशीनवर ठेवली, पर्स खुर्चीवर ठेवली, आणि काच यजमानांच्या हातात दिली. यजमानांनी ती दिव्यासमोर धरली.

"हे कोण?"

"आजोबा."

"वा. काय गुलाबी आहे." त्यांनी काच जरा तिरपी केली. "या रंगाचं अस्तर बाजारात मिळत नाही."

"फोडाल, द्या इकडे."

"पर्समध्ये ठेवलीस तरी फुटेल. थांब." त्यांनी गळ्यातली मापाची फीत काढून काचेवर धरली. "तीन इंच बाय एक. कॉलरच्या पट्टीएवढं गिऱ्हाईक आहे."

कपाटातून त्यांनी काळ्या कोटाच्या कापडाचा उरलेला तुकडा शोधला, आत मऊ फलालीन घातलं आणि मशीनवर बसले. पातीताईंनी शेजारच्या स्टुलावर बसून पाहिलं. उद्यापासून कुठे जायचं नाही, ही गोष्ट त्यांच्या आता कुठे लक्षात येत होती, आणि ती वाटली होती तितकी वाईट नव्हती. पाच मिनिटांत खोळ तयार झाली. यजमान काच आत सरकवणार, तेवढ्यात पातीताईंनी त्यांचा हात धरला.

"आधी ब्रश," त्या म्हणाल्या.

यजमानांनी खोळ उजेडात धरून पाहिली. एक पांढरा दोरा होताच.